राष्ट्राध्यक्षाची स्वभावपात्रता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या व्यक्तीचा स्वभाव त्या पदाची जबाबदारी पेलण्यास योग्य आहे की नाही, यासंबंधीचा राजकीय, घटनात्मक व मानसशास्त्रीय विचार. स्वभाव या संज्ञेने येथे मनुष्याच्या भावनांची ठेवण, क्षोभाच्या प्रसंगी त्याचा तोल राहणे वा सुटणे, टीका व पराभव सोसण्याची त्याची शक्ती आणि निर्णय घेण्याची त्याची रीत एवढ्या गोष्टी अभिप्रेत आहेत. स्वभाव हा बुद्धी, चारित्र्य व शरीरप्रकृती यांहून वेगळा मानला जातो. कुशाग्र बुद्धीचा मनुष्य शीघ्रकोपी असू शकतो, सच्छील मनुष्य हेकट असू शकतो आणि देहाने पंगू असलेला मनुष्य मनाने अत्यंत स्थिर असू शकतो. हे भेद व्यवहारात नेहमीच पाळले जात नाहीत. किंबहुना या विषयावरील बरेचसे वाद त्यांच्या सरमिसळीतून उद्‌भवलेले आहेत.

प्रश्नाचे महत्त्व : संसदीय पद्धतीत पंतप्रधान हा आपल्या पक्षाच्या व सभागृहाच्या विश्वासावर अवलंबून असतो, तो ढळला की मुदत संपण्याची वाट न पाहता त्यास पायउतार व्हावे लागते. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांना १९९० मध्ये आणि बोरिस जॉन्सन यांना २०२२ मध्ये स्वपक्षीय सहकाऱ्यांनीच पद सोडण्यास भाग पाडले. शिवाय पंतप्रधानपदी पोहोचणारी व्यक्ती बहुधा अनेक वर्षे सभागृहात वावरलेली असते व तिचे गुणदोष सहकाऱ्यांनी जवळून पाहिलेले असतात. अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीत या दोन्ही गोष्टींची हमी नाही. राष्ट्राध्यक्षाची चार वर्षांची मुदत निश्चित असते, त्याचे मंत्री त्याला जबाबदार असतात आणि तो स्वतः सेनादलांचा सरसेनापती असतो. पूर्वी कोणतेही शासकीय पद न भूषविलेली व्यक्तीही या पदावर निवडून येऊ शकते. त्यामुळे तिच्या स्वभावाची पारख निवडणुकीपूर्वीच व्हावी, अशी अपेक्षा निर्माण होते.

अण्वस्त्रांच्या आगमनानंतर या प्रश्नास नवी धार आली. अण्वस्त्रांच्या वापराचा आदेश देण्याचा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षाकडे असून त्यासाठी मंत्रिमंडळाची अथवा काँग्रेसची पूर्वसंमती लागत नाही. शत्रूची क्षेपणास्त्रे निघाल्याची वर्दी आल्यास विचाराला काही मिनिटेच मिळतील, असे गृहीत धरून ही व्यवस्था आखलेली आहे. १९७३ मध्ये क्षेपणास्त्रदलाचे प्रशिक्षण घेणाऱ्या हवाई दलाच्या एका अधिकाऱ्याने, आपल्याला मिळणारा आदेश शुद्धीवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाकडूनच आला आहे हे कसे ओळखावे, असा प्रश्न विचारला. त्याचे समाधानकारक उत्तर त्यास मिळाले नाही आणि पुढे त्यास सेवेतून मुक्त करण्यात आले. आदेश पाळणाऱ्यांच्या साखळीत अनेक खातरजमा आहेत. परंतु त्या आदेश खरा आहे की नाही एवढेच तपासतात, तो देणाऱ्याच्या विवेकाची तपासणी त्यांच्या कक्षेत येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सीनेटच्या परराष्ट्रसंबंध समितीने या अधिकाराविषयी साक्षी घेतल्या. काँग्रेसच्या परराष्ट्रव्यवहार समित्यांनी या विषयावर अशी सुनावणी घेतल्यास तेव्हा चार दशके उलटून गेली होती.

घटनात्मक तरतुदी : अमेरिकेच्या संविधानातील दुसऱ्या अनुच्छेदाने राष्ट्राध्यक्षपदासाठी तीनच अटी घातल्या आहेत : उमेदवार जन्मतः नागरिक असावा, त्याचे वय किमान ३५ वर्षे असावे आणि त्याचे देशात १४ वर्षे वास्तव्य झालेले असावे. स्वभावाचा त्यात उल्लेख नाही. संविधानकर्त्यांची भिस्त निवडीच्या पद्धतीवर होती. मतदारांनी प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष न निवडता जाणत्या निर्वाचकांचे मंडळ निवडावे आणि त्या मंडळाने शांतपणे विचार करून योग्य व्यक्ती नेमावी, ही त्यामागील कल्पना होती. केवळ लोकानुनयाच्या कलेत निपुण असलेला मनुष्य एखाद्या राज्यात यशस्वी होईल, परंतु सर्व राष्ट्राचा विश्वास संपादन करण्यास त्याला निराळे गुण लागतील, असे अलेक्झांडर हॅमिल्टन याने १७८८ मध्ये या पद्धतीचे समर्थन करताना प्रतिपादिले. राजकीय पक्ष उदयास येताच निर्वाचक हे पक्षाचे बांधील प्रतिनिधी बनले आणि ही चाळणी अल्पावधीतच निरुपयोगी ठरली. पुढे ते काम पक्षनेत्यांनी केले. १९६८ नंतरच्या सुधारणांनी उमेदवार निवडण्याचा अधिकार मुख्यतः पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांतील मतदारांकडे गेला आणि उमेदवारास जवळून ओळखणाऱ्या सहकाऱ्यांचे वजन आणखी घटले.

भारतीय संविधानातही राष्ट्रपतिपदाच्या पात्रतेत (अनुच्छेद ५८) स्वभावाचा निर्देश नाही. लोकसभेचा सदस्य होण्याची पात्रता मात्र त्यात अपेक्षित आहे आणि सक्षम न्यायालयाने ज्यास विकल मनाचा ठरविले आहे, ती व्यक्ती संसदसदस्यत्वास अपात्र असते (अनुच्छेद १०२). येथेही कसोटी न्यायालयीन निर्णयाची आहे, स्वभावाविषयीच्या मताची नाही.

पदावर आलेल्या राष्ट्राध्यक्षास दूर करण्याचे दोन मार्ग अमेरिकी संविधानात आहेत. पहिला महाभियोगाचा. तो देशद्रोह, लाचलुचपत किंवा अन्य गंभीर अपराध व गैरवर्तन यांसाठी आहे. निव्वळ स्वभावदोष हा त्याचा विषय होऊ शकत नाही, असे सामान्यतः मानले जाते. तथापि अँड्रू जॉन्सन (१८०८–७५) या राष्ट्राध्यक्षावर १८६८ मध्ये ठेवण्यात आलेल्या अकरा आरोपांपैकी दहावा आरोप, त्याने जाहीर सभांतून काँग्रेसविरुद्ध केलेल्या बेताल व चिथावणीखोर भाषणांबद्दलचा होता. सीनेटने तीन आरोपांवरच मतदान घेतले; प्रत्येक वेळी ३५ विरुद्ध १९ मते पडून दोनतृतीयांश बहुमतास एक मत कमी पडले. दहावा आरोप मतास टाकलाच गेला नाही.

दुसरा मार्ग १९६७ मध्ये संमत झालेल्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीच्या चौथ्या कलमाचा. उपराष्ट्राध्यक्ष आणि मंत्र्यांचे बहुमत यांनी राष्ट्राध्यक्ष आपली कर्तव्ये पार पाडण्यास असमर्थ असल्याचे काँग्रेसला लेखी कळविल्यास उपराष्ट्राध्यक्ष हा कार्यकारी राष्ट्राध्यक्ष होतो. राष्ट्राध्यक्षाने ते अमान्य केल्यास आणि घोषणा करणारे आपल्या मतावर ठाम राहिल्यास काँग्रेसला २१ दिवसांत निर्णय द्यावा लागतो व राष्ट्राध्यक्षाला दूर ठेवण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते लागतात. महाभियोगासाठी प्रतिनिधिगृहात साधे बहुमत पुरते, हे लक्षात घेता हा मार्ग त्याहून बिकट आहे. बेशुद्धी, पक्षाघात यांसारखे प्रसंग दुरुस्तीच्या कर्त्यांच्या मनात मुख्यत्वे होते. ६ जानेवारी २०२१ रोजी काँग्रेसच्या इमारतीवर जमावाने हल्ला केल्यानंतर प्रतिनिधिगृहाने उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांना हे कलम वापरण्याची विनंती करणारा ठराव संमत केला; पेन्स यांनी त्यास नकार दिला. एकंदरीत, स्वभावाचा निवाडा संविधानाने मतदारांवर सोपविला आहे.

ऐतिहासिक आढावा : हा वाद राष्ट्राध्यक्षपदाइतकाच जुना आहे. पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन (१७३२–९९) हा संयमाचा आदर्श मानला जातो; परंतु तो मुळात तापट होता आणि वृत्तपत्रांतील टीकेमुळे १७९३ मध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याचा तोल कसा सुटला, याची नोंद टॉमस जेफर्सनने करून ठेवली आहे. त्याचा संयम उपजत नसून कमावलेला होता. १८०० च्या निवडणुकीत हॅमिल्टनने स्वपक्षाचाच राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स (१७३५–१८२६) याच्याविरुद्ध एक दीर्घ पत्र प्रसिद्ध करून तो गर्विष्ठ, मत्सरी व अनावर रागाचा असल्याने पदास अयोग्य आहे, असा दावा केला. अ‍ॅडम्सने सहकाऱ्यांना न विचारता फ्रान्सकडे शांतिदूत धाडले, हा हॅमिल्टनच्या दृष्टीने त्याच्या चंचलपणाचा पुरावा होता. त्याच शिष्टाईमुळे फ्रान्सशी होऊ घातलेले युद्ध टळले. अ‍ॅडम्स तापट होता, हे खरेच. परंतु ज्या कृतीवरून त्याला अयोग्य ठरविले गेले, ती त्याच्या कारकीर्दीतील सर्वांत शहाणपणाची कृती होती, असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे.

अँड्रू जॅक्सन (१७६७–१८४५) याने १८०६ मध्ये द्वंद्वयुद्धात एका माणसाचा प्राण घेतला होता. सेनानी असताना त्याच्या संमतीने सहा शिपायांना देहदंड झाला, म्हणून १८२८ च्या निवडणुकीत विरोधकांनी शवपेटिकांची चित्रे असलेली पत्रके वाटली. मतदारांनी त्यास मोठ्या बहुमताने निवडून दिले. दक्षिण कॅरोलायना राज्याने १८३२ मध्ये संघीय कायदा धुडकावला, तेव्हा त्याने बळाच्या वापराची सिद्धता आणि जकातीतील तडजोड यांची सांगड घालून संघराज्यावरील संकट निभावले. परंतु १८३० च्या कायद्यानुसार मूळ रहिवाशांच्या जमातींना त्यांच्या भूमीवरून हुसकावण्याचे त्याचे धोरण हजारोंच्या मृत्यूस कारण झाले. हे धोरण क्षणिक रागातून आलेले नव्हते. ते थंड डोक्याने आखलेले होते आणि त्यास काँग्रेसची संमती होती. स्वभावाचा विचार धोरणाच्या नैतिक विचाराची जागा घेऊ शकत नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

अब्राहम लिंकन (१८०९–६५) हा खिन्न वृत्तीचा होता. तरुणपणी त्याला विषण्णतेचे तीव्र झटके आले होते. आजच्या प्रचारमोहिमेत हे वृत्त त्यास बाधक ठरले असते. परंतु यादवी युद्धाच्या काळात त्याने दाखविलेला धीर व औदार्य सर्वमान्य आहेत. गेटिझबर्गच्या विजयानंतर सेनापती मीड याने शत्रूचा पाठलाग केला नाही, म्हणून लिंकनने १४ जुलै १८६३ रोजी त्यास कडक शब्दांत पत्र लिहिले. मात्र ते सही न करता व न पाठविता ठेवून दिले. राग येणे आणि रागाने वागणे यांतील अंतर या एका कागदाने स्पष्ट होते.

वुड्रो विल्सन (१८५६–१९२४) याचे उदाहरण याउलट आहे. व्हर्साय तह सीनेटपुढे असता त्याने हेन्‍री कॅबट लॉज याने सुचविलेल्या अटी मान्य करण्याचे साफ नाकारले आणि स्वपक्षीयांनाही तडजोडीस मज्जाव केला. परिणामी मार्च १९२० मध्ये तह सात मतांनी फेटाळला गेला व अमेरिका राष्ट्रसंघाबाहेर राहिली. अलेक्झांडर व ज्यूलिएट जॉर्ज यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या हेकेखोरपणाचे मूळ विल्सनच्या बालपणातील पितृसत्तेच्या दडपणात शोधले. एडविन वाइन्स्टाइन या मज्जाविकारतज्ञाने १९८१ मध्ये त्याचा संबंध मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकाराशी जोडला. ऑक्टोबर १९१९ मध्ये विल्सनला पक्षाघाताचा तीव्र झटका आला होता, हे निर्विवाद आहे. सर्व कागदपत्रे उपलब्ध असताना आणि अर्धशतक उलटल्यावरही जेथे स्वभाव कोठे संपतो व आजार कोठे सुरू होतो हे तज्ञांना एकमताने सांगता येत नाही, तेथे प्रचाराच्या धामधुमीत उमेदवाराविषयी असे निदान करणे किती जोखमीचे आहे, हे उघड आहे.

फ्रँक्लिन डी. रूझवेल्ट (१८८२–१९४५) याची बुद्धी दुय्यम प्रतीची, पण स्वभाव अव्वल दर्जाचा, असा अभिप्राय न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स याने १९३३ मध्ये दिल्याचे सांगतात. हा अभिप्राय वस्तुतः थिओडोर रूझवेल्टविषयी होता, असेही काही इतिहासकार मानतात. १९२१ मध्ये पोलिओने दोन्ही पाय गेल्यानंतरही टिकलेली त्याची प्रसन्न वृत्ती आणि एक उपाय फसला की दुसरा योजण्याची तयारी महामंदीच्या काळात राष्ट्राला आधार देणारी ठरली. तेव्हापासून स्वभाव हा बुद्धीहून श्रेष्ठ गुण आहे, असे मत रूढ झाले.

हॅरी ट्रूमन (१८८४–१९७२) याने डिसेंबर १९५० मध्ये आपल्या कन्येच्या गायनावर प्रतिकूल अभिप्राय देणाऱ्या संगीतसमीक्षकास मारहाणीची धमकी देणारे पत्र धाडले. ते प्रसिद्ध झाल्यावर अशा माणसाच्या हाती अणुबाँब आहे, याची चिंता अनेकांनी व्यक्त केली. त्याआधी काही दिवस कोरियातील युद्धात अणुबाँबच्या वापराविषयी त्याने पत्रकारांपुढे काढलेल्या सैल उद्‌गारांमुळे ब्रिटनचे पंतप्रधान क्लेमंट ॲटली तातडीने वॉशिंग्टनला आले होते. परंतु अण्वस्त्रे वापरली गेली नाहीत. आणि एप्रिल १९५१ मध्ये सेनापती डग्लस मॅक्‌आर्थर यास आज्ञाभंगाबद्दल बडतर्फ करण्यापूर्वी ट्रूमनने कित्येक दिवस मंत्री व सेनाप्रमुख यांचा सल्ला घेतला. खाजगी बाबतीत उतावीळ असलेला मनुष्य सार्वजनिक बाबतीत विचारी असू शकतो. ट्रूमनचा उत्तराधिकारी ड्वाइट आयझनहौअर (१८९०–१९६९) हा लोकांना नेहमी हसतमुख दिसे. त्याचा भडका केवळ निकटवर्तीयांना ठाऊक होता.

जॉन एफ्. केनेडी (१९१७–६३) याने ऑक्टोबर १९६२ मधील क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगी तेरा दिवस दाखविलेला संयम या चर्चेत नेहमी दाखल्यादाखल दिला जातो. आरंभी बऱ्याच सल्लागारांचा कल हवाई हल्ल्याकडे होता. केनेडीने नाविक नाकेबंदीचा मार्ग पत्करला. २७ ऑक्टोबरला टेहळणी विमान पाडले जाऊन वैमानिक ठार झाला, तरी त्याने प्रतिहल्ल्याचा आदेश दिला नाही. मात्र याच केनेडीने दीड वर्षापूर्वी, एप्रिल १९६१ मध्ये, क्यूबातील पिग्ज उपसागराच्या फसलेल्या स्वारीस मान्यता दिली होती. मधल्या काळात त्याचा स्वभाव बदलला नव्हता. सल्ला घेण्याची पद्धत बदलली होती. दुसऱ्या खेपेस त्याने भिन्न मतांच्या लोकांना मुद्दाम एकत्र बसविले व तज्ञांच्या आश्वासनांची उलटतपासणी केली. निर्णयाची गुणवत्ता स्वभावाबरोबरच अनुभव व कार्यपद्धती यांवरही अवलंबून असते, हे यावरून सिद्ध होते.

गोल्डवॉटर प्रकरण : १९६४ मधील रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर (१९०९–९८) हा रोखठोक बोलण्याबद्दल प्रसिद्ध होता. अण्वस्त्रांविषयीच्या त्याच्या विधानांमुळे तो आततायी असल्याची भीती पसरली. विरोधी पक्षाने ७ सप्टेंबर १९६४ रोजी दूरचित्रवाणीवर फुलाच्या पाकळ्या मोजणारी मुलगी व त्यापाठोपाठ अणुस्फोट दाखविणारी जाहिरात प्रसृत केली. ती एकदाच दाखविली गेली. तिच्यात गोल्डवॉटरचे नावही नव्हते. फॅक्ट या नियतकालिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ञांना, गोल्डवॉटर मानसिकदृष्ट्या राष्ट्राध्यक्षपदास योग्य आहे काय, असा प्रश्न पाठविला. २,४१७ जणांनी उत्तरे दिली. त्यांपैकी १,१८९ जणांनी तो अयोग्य, तर ६५७ जणांनी योग्य असल्याचे सांगितले. उरलेल्या ५७१ जणांनी मत देण्यास पुरेशी माहिती नसल्याचे कळविले. अनेकांनी त्यास गंभीर मनोविकारांची नावे चिकटविली. यांपैकी कोणीही त्याची तपासणी केलेली नव्हती.

निवडणुकीत गोल्डवॉटरचा दारुण पराभव झाला. त्याने नियतकालिकाविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९६८ मध्ये ज्यूरीने त्यास नुकसानीदाखल एक डॉलर व दंडात्मक भरपाई म्हणून ७५,००० डॉलर मंजूर केले; वरिष्ठ न्यायालयातही हा निवाडा कायम राहिला. या नामुष्कीची दखल घेऊन अमेरिकन मानसोपचारतज्ञ संघटनेने १९७३ मध्ये आपल्या आचारसंहितेत असा नियम समाविष्ट केला, की प्रत्यक्ष तपासणी केल्यावाचून व योग्य अनुमती मिळाल्यावाचून सदस्यांनी कोणत्याही सार्वजनिक व्यक्तीविषयी व्यावसायिक मत देऊ नये. तो ‘गोल्डवॉटर नियम’ म्हणून ओळखला जातो.

पुढील घटना उद्‌बोधक आहेत. सुरक्षित हातांचा म्हणून निवडून दिलेल्या लिंडन जॉन्सन (१९०८–७३) याने व्हिएटनामचे युद्ध वाढवीत नेले. १९६८ अखेर तेथे पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैन्य होते. गोल्डवॉटर हा १९६९ मध्ये सीनेटमध्ये परतला व १९८७ पर्यंत तेथे राहिला. ऑगस्ट १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणी रिचर्ड निक्सन (१९१३–९४) याचा पाठिंबा ओसरला असल्याचे त्यास तोंडावर सांगण्यासाठी जे तीन रिपब्लिकन नेते गेले, त्यांत गोल्डवॉटर होता. दोन दिवसांनी निक्सनने राजीनामा दिला.

आरोपाचा गैरवापर : स्वभावाचा आक्षेप सिद्ध करणे कठीण आणि खोडून काढणे त्याहून कठीण असल्यामुळे तो राजकारणात सोयीचे शस्त्र बनतो. १९७२ मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षातील आघाडीचे इच्छुक एडमंड मस्की (१९१४–९६) हे एका वृत्तपत्राने आपल्यावर व पत्नीवर केलेल्या टीकेचा निषेध करताना बर्फ पडत असता रडले, असे वृत्त प्रसिद्ध झाले. ते अश्रू नसून वितळलेले हिमकण होते, असे त्यांनी सांगितले. परंतु ते दुबळ्या मनाचे असल्याचा समज पसरला व त्यांची उमेदवारी ढासळली. त्यांना ज्या पत्रामुळे प्रथम गोत्यात आणले गेले, ते बनावट असल्याचे व त्याचा संबंध निक्सनच्या प्रचारयंत्रणेशी असल्याचे पुढील चौकशीत आढळले. त्याच वर्षी उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टॉमस ईगल्टन (१९२९–२००७) यांना विषण्णतेवर पूर्वी विद्युत्‌ उपचार झाल्याचे उघडकीस आल्याने उमेदवारी मिळाल्यापासून अठरा दिवसांत माघार घ्यावी लागली. ते त्यानंतर चौदा वर्षांहून अधिक काळ सीनेटचे कार्यक्षम सदस्य होते. उपचार घेणाऱ्यास शिक्षा झाल्याने, पदाची आकांक्षा धरणारे पुढारी उपचार टाळतील वा लपवतील, हा या प्रकरणाचा अनिष्ट परिणाम होय.

स्त्रियांच्या बाबतीत हा आक्षेप व्यक्तीवर न घेता संपूर्ण वर्गावर घेतला गेला. १९७० मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षाच्या एका समितीवरील शल्यविशारदाने, शरीरातील अंतःस्रावांच्या चढउतारांमुळे स्त्री राष्ट्राध्यक्षपदी असणे धोक्याचे ठरेल, असे मत मांडले. हवाईच्या प्रतिनिधी पॅट्सी मिंक यांनी त्यास सडेतोड विरोध केल्यावर त्यास समिती सोडावी लागली. पुरुष उमेदवाराचा संताप हा करारीपणा आणि स्त्रीचा संताप हा तोल सुटणे, असा दुटप्पी न्याय त्यानंतरही दिसून आला आहे.

मानसशास्त्रीय वर्गीकरण : जेम्स डेव्हिड बार्बर (१९३०–२००४) या राज्यशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात राष्ट्राध्यक्षांचे चार प्रकार कल्पिले. कामातील सक्रियता वा निष्क्रियता आणि कामापासून मिळणारे समाधान वा असमाधान, हे त्याचे दोन निकष होत. सक्रिय व समाधानी (फ्रँक्लिन रूझवेल्ट, ट्रूमन, केनेडी) हा सर्वोत्तम, तर सक्रिय व असमाधानी (विल्सन, हूव्हर, लिंडन जॉन्सन, निक्सन) हा सर्वांत धोक्याचा प्रकार होय. या दुसऱ्या प्रकारातील व्यक्ती सत्तेतून आत्मसन्मानाची भूक भागवू पाहते आणि अडचणीत आली की फसलेल्या मार्गालाच चिकटून राहते, असे त्याचे प्रतिपादन होते. निक्सनविषयीचे त्याचे भाकीत वॉटरगेट प्रकरणाने खरे ठरल्याने ग्रंथास मोठी कीर्ती लाभली.

या वर्गीकरणावर गंभीर आक्षेप घेण्यात आले. मोजक्या व्यक्तींवरून चार प्रकार ठरविणे, बालपणाच्या अपुऱ्या माहितीवर भिस्त ठेवणे आणि परिस्थितीचा प्रभाव कमी लेखणे, हे त्यांतील प्रमुख होत. वॉशिंग्टन व आयझनहौअर हे बार्बरच्या मते निष्क्रिय व असमाधानी गटात येतात. परंतु फ्रेड ग्रीनस्टाइन याने १९८२ मध्ये कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले, की आयझनहौअर पडद्याआड अत्यंत सक्रिय होता. ग्रीनस्टाइनने पुढे २००० मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या मूल्यमापनासाठी सहा कसोट्या सुचविल्या : लोकसंवाद, संघटनक्षमता, राजकीय कौशल्य, दृष्टी, विचारपद्धती व भावनिक प्रगल्भता. त्यांपैकी शेवटची नसेल, तर बाकीच्या गुणांवर पाणी पडू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. निक्सनची बुद्धी व परराष्ट्रनीतीतील जाण यांविषयी दुमत नव्हते. शत्रुत्वाच्या भावनेने पछाडल्यामुळे त्याचा नाश झाला.

अलीकडील वाद : २०१६ च्या निवडणुकीत हा प्रश्न प्रचाराच्या केंद्रस्थानी आला. रिपब्लिकन उमेदवार डॉनल्ड ट्रम्प यांचा स्वभाव अण्वस्त्रांचे नियंत्रण सोपविण्याजोगा नाही, असे हिलरी क्लिंटन यांनी वारंवार सांगितले. ऑगस्ट २०१६ मध्ये रिपब्लिकन शासनांत राष्ट्रीय सुरक्षाविषयक पदे भूषविलेल्या ५० व्यक्तींनीही तशा आशयाचे पत्र प्रसिद्ध केले. ट्रम्प यांनी, आपला स्वभाव हीच आपली सर्वांत मोठी जमेची बाजू असल्याचे पहिल्या जाहीर वादसभेत सांगितले. जे वर्तन विरोधकांना उच्छृंखल वाटे, तेच समर्थकांना निर्भीड व प्रस्थापितांना न जुमानणारे वाटे. क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मते अधिक मिळाली, तरी निर्वाचक मंडळात ट्रम्प ३०४ विरुद्ध २२७ मतांनी विजयी झाले. २०१७ मध्ये काही मानसोपचारतज्ञांनी, धोक्याची सूचना देणे हे व्यावसायिक कर्तव्य आहे, या भूमिकेतून त्यांच्याविषयी लेखसंग्रह प्रसिद्ध केला. मानसोपचारतज्ञ संघटनेने मात्र गोल्डवॉटर नियमाचा पुनरुच्चार केला. ट्रम्प २०२० मध्ये पराभूत झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. त्यांच्या स्वभावाविषयी मतदारांना २०१६ मध्ये जी कल्पना करावी लागली होती, त्याऐवजी २०२४ मध्ये चार वर्षांच्या कारकीर्दीचा प्रत्यक्ष अनुभव त्यांच्यासमोर होता. तरीही मतभेद पूर्वीइतकेच तीव्र राहिले. २०२४ मध्येच राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी जूनमधील वादसभेनंतर उमेदवारी मागे घेतली. तेथे प्रश्न स्वभावाचा नसून वयोमानाचा होता.

मूल्यमापन : स्वभावाचा विचार करूच नये, असे म्हणता येत नाही. राष्ट्राध्यक्षापुढे येणारी संकटे आधी कळत नाहीत. त्यामुळे जाहीरनाम्यातील आश्वासनांपेक्षा त्याच्या चित्ताची स्थिरता अधिक मोलाची ठरण्याचा संभव असतो. परंतु हा विचार करताना काही पथ्ये पाळावी लागतात, असे वरील उदाहरणांवरून दिसते. एखाद्या क्षणाच्या अश्रूंवरून अथवा उद्‌गारांवरून निर्णय न करता दीर्घकाळाच्या वर्तनाचा पुरावा पाहणे, हे पहिले पथ्य होय. राग आला की नाही यापेक्षा रागाच्या भरात काय केले, अप्रिय सल्ला देणाऱ्यास कसे वागविले, चूक कबूल केली की नाही आणि पराभव कसा स्वीकारला, या प्रश्नांची उत्तरे अधिक विश्वसनीय असतात. ती शोधण्यास वैद्यकीय ज्ञानाची गरज नसते. रोगनिदान व राजकीय मत यांत गल्लत न करणे, हे दुसरे पथ्य. आपल्या पक्षाच्या उमेदवारासही तीच कसोटी लावणे, हे तिसरे व सर्वांत अवघड पथ्य होय.

स्वभावाची पारख कितीही काळजीपूर्वक केली, तरी ती चुकू शकते; १९६४ चा अनुभव हेच सांगतो. म्हणून एका व्यक्तीच्या चित्तवृत्तीवर किती गोष्टी अवलंबून ठेवाव्यात, हा प्रश्न उमेदवाराच्या पात्रतेहूनही मूलभूत आहे. काँग्रेस, न्यायालये, मंत्रिमंडळ व वृत्तपत्रे यांचा अंकुश जितका सजग असेल, तितका राष्ट्राध्यक्षाच्या स्वभावदोषांचा उपद्रव मर्यादित राहतो. अण्वस्त्रांच्या आदेशाबाबत असा अंकुश ठेवलेला नाही. आणि म्हणूनच राष्ट्राध्यक्षाच्या स्वभावाची चिंता तेथे सर्वाधिक तीव्रतेने जाणवते.